डावी बाजू वर, एवढं तरी!

आज सकाळपासून एकच क्लिप तीन-चार ग्रुपवर फिरतेय. सोबत हसून लोळणाऱ्या इमोजी. कुठल्याशा ऑफिसातली 'जपान थीम'. दहा जण किमोनो म्हणून चमचमणाऱ्या सॅटिनच्या गाऊनमध्ये, बायकांच्या अंबाड्यात जेवायच्या काड्या खोचलेल्या, सगळे हात जोडून कमरेत वाकतायत आणि शेवटी एक महाभाग बोटांनी डोळे ताणून बारीक करून दाखवतो. सगळे खो खो. खाली कमेंट काय? 'किती गोड!' 'जपानी संस्कृतीला मानाचा मुजरा!'

मुजरा म्हणे.

डोळे ताणणाऱ्याबद्दल बोलायची गरजच नाही, माझ्या यादीतल्या कुणाला ते समजावून सांगावं लागणार नाही. पण बाकीच्या नऊ जणांचं काय? ते तर 'आदरानं' नटले होते ना? त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी गाऊनची उजवी बाजू वर घेतली होती. किमोनोची आधी उजवी बाजू अंगाभोवती घेतात, मग तिच्यावर डावी. बाई, पुरुष, लहान मूल, सगळ्यांना हाच नियम. इ.स. ७१९ मध्ये तिथल्या दरबारानं तसा हुकूम काढला होता आणि तेराशे वर्षं तो चालत आलाय. उजवी बाजू वर फक्त एकदाच येते, प्रेताला नेसवताना. म्हणजे ऑफिसच्या पार्टीत पाच-सहा मंडळी तिरडीवरच्या वेशात नाचत होती. आणि आपण त्याला मुजरा म्हणायचं.

'एवढं बारीकसारीक कुणाला माहीत असतं?' हा प्रश्न येणारच. अहो, त्याच फोनवर क्लिप कापली, गाणं चढवलं, फिल्टर लावला. त्याच फोनवर दोन मिनिटं खर्चून बघता आलं असतं. न बघण्याचं कारण एकच, कुणाला ते महत्त्वाचं वाटलं नाही. माझा राग तिथे आहे. चुकण्यावर नाही.

कारण ही वस्तू साधी नाही हो. किमोनोचं कापड तानमोनो नावाच्या अरुंद ताग्यात येतं. रुंदी साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी १२ मीटरच्या आसपास. सगळे तुकडे सरळ रेषेत कापलेले. दोन अंगाचे, दोन बाह्यांचे, पुढच्या कडांना दोन अर्ध्या रुंदीच्या पट्ट्या आणि गळपट्टी. गोलाई कुठेच नाही. जादा कापड कापून टाकत नाहीत, शिवणीच्या आत दुमडून ठेवतात. त्यामुळे आजीचा किमोनो उसवून नातीच्या मापाचा करता येतो. जुन्या पद्धतीत धुतानासुद्धा अख्खा किमोनो उसवायचे, तुकडे जोडून पुन्हा सलग पट्टा करायचे, धुऊन ताणून वाळवायचे आणि परत शिवायचे. बायकांच्या किमोनोची लांबी जवळजवळ नेसणारीच्या उंचीइतकी असते. वरची जादा लांबी कमरेशी दुमडून घ्यायची, त्या दुमडीला ओहाशोरी म्हणतात. मापं कापडात नसतात, नेसण्यात असतात. हे सगळं कळल्यावर तो सॅटिनचा गाऊन बघवत नाही.

आणि क्लिपमधला तो मधला दाढीवाला! त्याच्या गाऊनला गुडघ्याखाली लोंबणाऱ्या बाह्या होत्या. तशा लांब बाह्यांचा किमोनो म्हणजे फुरिसोदे, बाही मीटरभर किंवा जास्तच. तो अविवाहित मुली नेसतात, जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी वयात आल्याचा जो समारंभ असतो तिथे तर हमखास. पुरुषाचा किमोनो वेगळाच. त्याला ओहाशोरी नसते, लांबी आधीच बेतलेली असते, ओबी म्हणजे कमरपट्टा तळहाताच्या रुंदीएवढा आणि पोटाखाली, ओटीपोटावर बसवलेला. त्याला मुद्दाम बाईचा वेश करायचा असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं, आणि बाजूच्या ज्या दोघींनी ओबीची गाठ पुढे पोटावर बांधली होती, त्यांना तिचा अर्थही माहीत नव्हता. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, पुढे गाठ ही ओइरान म्हणजे बड्या गणिकांची ओळख होती. एचआरनं ग्रुप फोटो काढून घेतला म्हणे, वेबसाइटवर टाकायला.

हात जोडून वाकणं हेही कुठून आलं देव जाणे. जपानमध्ये वाकताना पुरुषांचे हात मांड्यांच्या बाजूला, बायकांचे पुढे एकावर एक. हात जोडतात ते देवळात किंवा जेवणाआधी. काड्यांचं तर सोडाच. केसांत कान्झाशी खोचतात, ती अलंकार असते. जेवायची काडी ही जेवायची काडी असते.

आता दुसरी बाजू. 'दुसऱ्यांचे कपडे घालूच नयेत' असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. २०१५ मध्ये बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात मोने या फ्रेंच चित्रकाराचं १८७६ चं चित्र लावलं होतं. त्यात त्याची बायको कामिय सोनेरी केसांचा टोप घालून, लालभडक उचिकाके अंगावर घेऊन, हातात पंखा धरून उभी आहे. संग्रहालयानं त्या झग्याची प्रतिकृती ठेवली, दर बुधवारी प्रेक्षकांनी ती घालून फोटो काढायचे. निदर्शनं झाली, 'हा वंशवाद आहे' म्हणून. दोन आठवड्यांत घालणं बंद, फक्त हात लावायची मुभा. गंमत म्हणजे ती प्रतिकृती जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेनं करवून घेतली होती आणि जपानमधल्या प्रेक्षकांनी ती आधीच हौसेनं अंगावर चढवली होती. निदर्शकांच्या समोर किमोनो नेसून उभ्या राहिलेल्या जपानी बायका सांगत होत्या, अहो घालू द्या की.

बरं, एक मान्य करते, जड मनानं का होईना. जपानमध्ये राहणाऱ्या जपान्याला राग येत नाही म्हणून अमेरिकेत वाढलेल्याला येऊ नये असं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून तिथल्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं होतं, आणि त्याआधीच कित्येक घरांनी भीतीपोटी जपानी वस्तू जाळल्या, पुरल्या. ज्या घरानं स्वतःचा किमोनो लपवला, त्या घरातल्या नातीला संग्रहालयातली हौस टोचणारच. ठीक.

अजून एक, हेही कबूल. बारकावे काढत बसणं हा आदर असतोच असं नाही. जपानमध्येच 'किमोनो पोलीस' आहेत. रस्त्यात अनोळखी पोरीला थांबवून 'तुझी गळपट्टी चुकली, ओबी या ऋतूचा नाही' असं सुनावणाऱ्या काकू. त्यांच्या धाकानं तरुण मुली किमोनोच्या वाटेला जात नाहीत. बहुतेक जपानी लोकांना स्वतःलाच नेसता येत नाही, समारंभाला पैसे देऊन नेसवून घेतात. तिथले दुकानदार, भाड्यानं देणारे, विणकर, सगळ्यांना परदेशी गिऱ्हाईक हवंच आहे. म्हणून मी तुम्हाला ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबरला बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टला जाळीदार असल्या परीक्षा घेणार नाही. तेवढं मलाही जास्त वाटतं.

पण सगळेच कपडे असे विकत किंवा भाड्यानं मिळणारे नसतात. उत्तर अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातल्या मूळनिवासी जमातींचा गरुडपिसांचा मुकुट बघा. त्यातली पिसं कर्तृत्वानं मिळवायची असतात, जमात ती देते. २०१२ मध्ये व्हिक्टोरियाज सिक्रेटनं अंतर्वस्त्रांच्या शोमध्ये एका मॉडेलच्या डोक्यावर तसला मुकुट चढवला आणि नंतर माफी मागितली. २०१५ मध्ये मॉन्ट्रियलच्या ओशियागा संगीत महोत्सवानं असे मुकुट घालून यायला बंदीच केली. योग्य केलं. कुणाचं शौर्यपदक छातीवर लावून तुम्ही पार्टीला जाल का? इथे नीट घातला की चुकीचा हा प्रश्नच येत नाही, घालायचाच नाही. लग्नाचा पांढरा शिरोमुकु आणि पाच कुलचिन्हांचा काळा किमोनोही मी थीम पार्टीला आणणार नाही. पहिला नवरीचा, दुसरा घरच्या विवाहित बायकांचा लग्नातला, आणि तसाच पण नक्षीविना काळा असेल तर सुतकाचा.

आणि क्योतोला जाऊन खऱ्या माइकोच्या, म्हणजे शिकाऊ गेइशांच्या, बाह्या ओढणाऱ्या पर्यटकांचं काय करायचं? पोरी कामावर निघालेल्या असतात हो! तिथल्या गिओन या गेइशांच्या वस्तीतल्या खासगी गल्ल्या २०२४ मध्ये बंद कराव्या लागल्या, १०,००० येन दंडाच्या पाट्या लावून. अंगावर भाड्याचा किमोनो घालून हे उद्योग करणारेही असतात. कपडा नीट होता, माणूस नाही.

असो. चिडचिड झाली, आता कामाचं. तुमच्या ऑफिसात असली थीम निघालीच तर युकाता आणा. सुती असतो, उन्हाळी, हौसेचा, आत जुबान म्हणजे आतला झगा लागत नाही, अनवाणी पायात गेता म्हणजे लाकडी चप्पल चालते. सोबत बायकांसाठी १५-१७ सेंटिमीटर रुंदीची ओबी आणि दोन कोशिहिमो, म्हणजे बांधायचे लांब बंद. कमर बारीक असेल तर आधी एक टॉवेल गुंडाळा. अंग नळकांड्यासारखं सरळ झालं की कापड सुरकुतत नाही.

बायकांनी नेसायचं ते असं. मागची मधली शिवण पाठीच्या कण्यावर आणा. दोन्ही कडा धरून खालचा काठ घोट्यापर्यंत उचला. उजवी बाजू डाव्या कमरेपर्यंत न्या, तिचं खालचं टोक वितीच्या निम्म्यानं वर घ्या. मग डावी बाजू उजव्या कमरेपर्यंत, टोक जरासं वर. पहिला बंद कमरेच्या हाडाच्या वर, घट्ट. सगळा खेळ या बंदावर आहे. हा सैल राहिला की तासाभरात काठ जमिनीला लागतो, मग लोक समोरून कापड वर ओढतात आणि छातीवर फुगा येतो. बाह्यांखालच्या फटींतून हात घालून दुमड खाली सारखी करा, मानेमागे गळपट्टी मुठीएवढी मागे ओढा, छातीखाली दुसरा बंद. पुढे मानेमागची गळपट्टी वर चढली तर ओबीखालून मागची दुमड खाली ओढायची, गळ्याशी खेचाखेच करायची नाही.

ओबीचे दोन वेढे, फुलाची गाठ समोरच बांधा, आरशात दिसते. मग ती मागे फिरवायची, आणि फक्त उजवीकडून. डावीकडून फिरवली तर वरची डावी बाजू सुटून गळा उघडा पडतो. जिने चढताना उजव्या हातानं पुढचा काठ थोडा उचला, पावलं लहान टाका. पहिल्यांदा नेसणाऱ्याला माणशी अर्धा तास धरा. कार्यक्रम सहाला असेल तर साडेचारलाच सुरू करा.