पंचनाम्याची प्रत

२०२५च्या ऑक्टोबरात राज्य सरकारनं अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राडा सुरू झाला. दादा नाशिकला इंदिरानगरात राहतो, आयटीत आहे, तो म्हणाला हे सगळं आमच्याच टॅक्समधून, दरवर्षीचंच झालंय, सवय लावून ठेवलीये. निफाडचे काका एरवी गुड मॉर्निंगच्या फुलाशिवाय काही टाकत नाहीत, त्यांनी लिहिलं, ये एकदा बागेत अन् चिखलात उभा राहून बोल. मग आत्या, मग आत्याचे मिस्टर, मग लाडकी बहीण, कर्जमाफी, सगळं निघालं. शेवटी कोणीतरी ते ठरलेलं वाक्य टाकलं, फॉरेनला बघा कसं सिस्टिमनं होतं, आणि मला टॅग केलं. इथे न्यूझीलंडमध्ये हेस्टिंग्जला सकाळचे साडेसहा, मी डबा भरत होते. 'हो ना' टाकून सटकले. पण ते 'हो ना' खोटं होतं, निदान अर्धं तरी, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आम्ही न्यूझीलंडच्या हॉक्स बे भागात राहतो. सफरचंदं, द्राक्षं, वाईन, थोडक्यात निफाड-दिंडोरीच, फक्त गर्दी कमी. १४ फेब्रुवारी २०२३ला गॅब्रिएल वादळ आलं. नद्यांनी बांध फोडले, पूल वाहून गेले, रेडक्लिफच्या सबस्टेशनमध्ये पाणी शिरलं आणि शेजारचं नेपियर शहर कित्येक दिवस अंधारात. मोबाईल बंद, कार्ड मशीन बंद, आणि इथे पाकिटात कॅश ठेवायची सवयच नाही कोणाला, माझ्याकडे सगळे मिळून साठ डॉलर निघाले तेही दिवाळीत कोणीतरी मुलीला दिलेले. टोंगा-सामोआहून बागेत कामाला आलेली पोरं रात्रभर पत्र्यावर बसून होती. देशभरात अकरा माणसं गेली. राष्ट्रीय आणीबाणी लावली, ती या देशाच्या इतिहासात फक्त तिसऱ्यांदा.

आणि पहिले तीन-चार दिवस आलं कोण? हेलिकॉप्टरं सोडली तर शेजारीपाजारीच. ज्याच्याकडे डिगर त्यानं डिगर आणला, मराए म्हणजे माओरी लोकांची गावकीची जागा, तिथे गाद्या पडल्या, गुरुद्वाऱ्यातून जेवणाची पातेली निघाली. सिस्टिम नंतर आली. आपल्याकडे नाशकात २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा सराफ बाजारात आणि भांडी बाजारात माल वर चढवायला जी पोरं धावली ती काय सरकारनं पाठवली होती? तेव्हा 'आपले लोक एकमेकांना धरून, तिकडचे एकलकोंडे' हेही सोडून द्या, पाणी घरात आलं की सगळीकडचे सारखेच वागतात.

उलट एका बाबतीत आपण पुढे आहोत. नाशकात गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे कोणाला कळो न कळो, मारुतीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, गळ्याला पाणी एवढं म्हटलं की आजीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे समजतात की आता काय उचलायचं. इथे एस्क व्हॅलीत लोक झोपेत होते. सायरन नाही, फोनवर अलर्ट नाही, जाग आली तेव्हा पाणी खिडकीला. नंतर चौकशी झाली, २०२४मध्ये अहवाल आला, त्यात यंत्रणा तयारच नव्हती असं स्पष्ट म्हटलंय. बरं याच व्हॅलीत १९३८ला पूर येऊन गाळाचे थर बसले होते, तरी लोकांनी पुन्हा तिथेच घरं बांधली. दादा, हसू नकोस, आपण २००८च्या पुरानंतर पूररेषा आखली आणि मग त्या रेषेशी भांडत बसलो.

आता पैशाचं. काकांना वाटतं इथे शेतकऱ्याला घबाड मिळतं. सरकारनं फळबागवाल्यांना तातडीची मदत दिली ती हेक्टरी २,००० डॉलर, जास्तीत जास्त ४०,०००. म्हणजे तेव्हाच्या भावानं हेक्टरी लाखभर रुपये. आपल्या त्या पॅकेजमध्ये बागायतीला हेक्टरी ३२,५०० आणि तेही तीन हेक्टरपर्यंत. इथला आकडा मोठा दिसतो, पण इथली मजुरी, इथली रोपं, इथले खांब-तारा यांचा खर्च बघितला तर ज्याची बाग गाळात गेली त्याला ते चहापाण्यालाच, जसं आपल्याकडे एकरी तीन-चार लाख घातलेल्याला हेक्टरी ३२,५००. नुकसान भरून कोणीच देत नाही, इथेही नाही. त्यामुळे 'फुकटचे पैसे' हा दादाचा शब्द मला दोन्हीकडे झेपत नाही. आणि दादा, आपली आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन, ती रोजगार हमी तेव्हा महाराष्ट्रानं काढली आणि पुढे २००५ला अख्ख्या देशाला तसा कायदा मिळाला. तीही टॅक्समधूनच होती.

मग फरक कुठे? वादळानंतर पाणी ओसरलं तशी माणसं आली आणि घराघराच्या दारावर कागद चिकटवत गेली. पांढरा म्हणजे वापरा, पिवळा म्हणजे सांभाळून, अमुक भागातच, लाल म्हणजे आत पाऊल टाकायचं नाही. त्यावर कारण लिहिलेलं, तारीख, तपासणाऱ्याचा नंबर. आमच्या ओळखीच्या एका बाईच्या दारावर लाल लागला, रडली बिचारी, पण त्याच कागदाचा फोटो काढून इन्शुरन्सला पाठवला, बँकेला पाठवला, भाड्याच्या घरासाठी दाखवला. तिला आपण कुठे उभे आहोत ते त्या दिवशी कळलं. (पुढे जमिनीच्या कॅटेगऱ्या पाडल्या, घर पुन्हा बांधायचं की सरकार-कौन्सिल मिळून विकत घेणार, त्यात मात्र महिनोन्महिने घातले, तिची कॅटेगरी दोनदा बदलली, तेव्हा आरती ओवाळायची गरज नाही.)

आणि काका. २६ नोव्हेंबर २०२३ची निफाडची गारपीट. मणी फुटलेले, घड काळे पडायला लागलेले. पंचनाम्याला माणसं आली, मोबाईलवर फोटो काढले, कागदावर सही घेतली आणि म्हणाली यादीत नाव येईल. किती टक्के लिहिलं? मदतीसाठी लागतं तसं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर धरलं का? किती क्षेत्र? काकांना माहीत नाही, कारण त्या कागदाची प्रत त्यांच्या हातात कोणी दिलीच नाही. ते चारदा कचेरीत गेले, दरवेळी वेगळा माणूस, कधी केवायसी राहिली, कधी सर्व्हर डाऊन. सात महिन्यांनी पैसे आले ते अर्ध्या क्षेत्राचे, अर्ध्याचं काय झालं हे विचारायला हातात कागदच नाही.

त्यात बारा दिवसांनी, ८ डिसेंबरला, कांद्याची निर्यातबंदी. चाळीतला कांदा तेवढाच काय तो आधार होता आणि लासलगावला भाव आपटले. इथे त्या वर्षी कुमरा, म्हणजे इथलं रताळं, किलोला दहा डॉलरच्या वर गेलं, लोकांनी सुपरमार्केटमध्ये शिव्या घातल्या आणि बटाटे घेऊन घरी गेले. शहरातल्या गिऱ्हाईकाला स्वस्त मिळावं म्हणून गारपिटीतल्या माणसाचा भाव पाडायचा, आणि वर त्यालाच मदत वाटायची, हे मला आपल्याकडचं सगळ्यात विचित्र वाटतं. दादाच्या टॅक्सचं गणित तिथे कोणी मांडत नाही.

हे एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, फक्त त्या लाल कागदाचा फोटो टाकला. दादानं थम्स-अप टाकला. आत्यानं विचारलं तिकडे थंडी आहे का. काकांचा मेसेज दोन दिवसांनी आला, तोही ग्रुपवर नाही, मला एकटीला. फोटो मोठा करून बघितला म्हणाले, इंग्रजी वाचता येत नाही पण खाली आकडे दिसतायत, ती तारीख आहे का गं, आणि हा कागद घरवाल्याकडेच राहतो का?