‘काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबेल. आत्ता वेळ नसेल तर रात्री वाचा, पण वाचा.

सकाळी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंबरोबर एका सरकारी कचेरीत गेले होते. त्यांच्या मिस्टरांचं ऑपरेशन आहे, खर्चात सवलत मिळायला उत्पन्नाचा दाखला लागतो. चार घरची कामं सोडून बाई आलेली. रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडले आणि खिडकीपाशी पोचलो तर आतून एकच वाक्य: "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." मी म्हटलं, अहो, अर्ज कागदावर घ्या, पोच द्या, सर्व्हर सुरू झाला की चढवा. तर म्हणे, "मॅडम, कागद कधीच बंद झाला." त्या माणसावर माझा राग नाही. त्याच्या हातात दुसरं काही दिलेलंच नाही कुणी. ताई मात्र एक शब्द न बोलता पिशवी उचलून चालायला लागल्या. त्यांना सवय आहे. त्या सवयीचाच मला जास्त संताप आला.

घरी येऊन फॅमिली ग्रुपवर चार ओळी खरडल्या. त्यावर आमच्या भाचेबुवांचं उत्तर. पोरगा हिंजवडीत चांगल्या कंपनीत आहे, हुशार आहे, माझा लाडका आहे. लिहितो, "मावशी, उगाच टेन्शन घेतेस. तुझं ते वाय टू के पण असंच होतं ना? जगबुडी येणार म्हणून बोंबाबोंब आणि शेवटी झालं काय? काहीच नाही." खाली बाकीच्यांचे हसरे चेहरे.

वाय टू के म्हणजे साल २००० लागताच संगणक ‘००’ हे १९०० समजतील आणि सगळे हिशोब चुकतील, ही तेव्हाची काळजी. अरे, काहीच झालं नाही म्हणजे काय? ते ‘काहीच’ आपोआप झालं का?

मी तेव्हा अमेरिकेत होते. एका राज्याच्या बेकारी भत्त्याच्या खात्यात कंत्राटावर कोबोल या जुन्या संगणकभाषेतली कामं करत होते. इथून त्या काळात कोबोलचा कोर्स करून किती मुलंमुली तिकडे गेली, ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे, काही जण तर माझ्या यादीतच आहेत. काम रटाळ होतं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कागदावर छापलेले हजारो ओळींचे प्रोग्राम आणि त्यात पेन्सिलीने शोधायचं, तारीख कुठे कुठे आहे. वर्षाला जागा दोनच आकड्यांची. जुन्या पंचकार्डात, म्हणजे भोकं पाडून माहिती भरायच्या पुठ्ठ्याच्या कार्डात, रकानेच ८०, मग १९ कोण लिहीत बसणार? तीच सवय पुढे चालू राहिली. आमची वरिष्ठ साठीला टेकलेली बाई होती. एका प्रोग्रामच्या माथ्यावर १९७० च्या दशकातली तारीख आणि तिचीच आद्याक्षरं सापडली. तिने त्यावर नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाली, हे इतकी वर्षं चालेल असं कुणाला वाटलं होतं!

आता ऐक, भाच्या. सगळं जग ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्रीकडे डोळे लावून बसलं होतं. आमची रात्र त्याच्या वर्षभर आधीच आली होती. बेकारी भत्त्याचा दावा ५२ आठवड्यांचा असतो. जानेवारी १९९९ च्या पहिल्या आठवड्यात ज्याची नोकरी गेली, त्याच्या दाव्याची मुदत संपणार जानेवारी २००० मध्ये. मशीनच्या हिशोबाने ०० हे ९९ च्या आधी येतं. म्हणजे दावा उघडायच्या आधीच त्याची मुदत संपलेली! चाचणीत आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. नाव बरोबर, पगार बरोबर, सगळं बरोबर आणि शेवटी ‘अपात्र’. काही राज्यांचं काम तोवर पुरं झालंच नव्हतं. त्यांनी सगळ्या दाव्यांची मुदत ३१ डिसेंबर १९९९ लावून वेळ मारून नेली. ते ठिगळ होतं, पण लोकांच्या हातात पैसे पडले.

आणि आमच्या बाईंनी काय केलं? प्रोग्राम दुरुस्त होऊन, तपासून झाले, तरी एका शनिवारी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि टर्मिनल बंद करायला लावले. म्हणाल्या, मशीन गेलं असं समजा. खिडकीपाशी एक माणूस उभा आहे. त्याची नोकरी गेलीय, भाडं थकलंय. त्याला आज पैसे कसे देणार ते मला करून दाखवा. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. मग एकेक बाहेर यायला लागलं. हाताने भरायचे फॉर्म होते, पण जुन्या पत्त्याचे. कोरे चेक एका खोलीत कुलूपबंद, किल्ली एकाच माणसाकडे आणि तो माणूस रजेवर. हाताने लिहिलेल्या चेकवर सही कुणाची चालेल, हे तर कुणालाच सांगता येईना. संध्याकाळपर्यंत बसून बाईंनी सगळं कागदावर उतरवलं. किल्ल्या दोघांकडे, सहीचा अधिकार तिघांना, फॉर्म नवे छापून घ्यायचे. या कामाला कोबोल लागत नाही. खिडकीपलीकडच्या माणसाची काळजी लागते.

हे आमच्याच खात्यात चाललं होतं असंही नाही. बिल क्लिंटन यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये या कामासाठी राष्ट्राध्यक्षांचं वेगळं मंडळच नेमलं आणि जॉन कोस्किनेन यांना त्याचं प्रमुख केलं. स्टीफन हॉर्न नावाचे कॅलिफोर्नियाचे खासदार होते, ते दर काही महिन्यांनी एकेका सरकारी खात्याला शाळेसारखं प्रगतिपुस्तक द्यायचे. ए, बी, सी आणि नापासांना थेट एफ! ते वर्तमानपत्रात छापून यायचं. आपल्याकडे कुठल्या खात्याला असं चारचौघांत नापास केल्याचं आठवतंय का? कंपन्यांनी आपल्या चुका न घाबरता एकमेकांना सांगाव्यात म्हणून ऑक्टोबर १९९८ मध्ये कायदा केला. मध्यवर्ती बँकेने जादा नोटांचा साठा करून ठेवला, लोक घाबरून पैसे काढायला धावले तर कमी पडू नयेत म्हणून. मशीनच्या चुकीने क्षेपणास्त्रांचा खोटा इशारा मिळून घात होऊ नये, म्हणून कोलोरॅडोतल्या हवाई दलाच्या तळावर रशियाचे अधिकारी अमेरिकन अधिकाऱ्यांच्या शेजारी येऊन बसले. लोकांना काय सांगितलं? मोठ्या हिमवादळाच्या आधी जेवढी तयारी करता तेवढीच करा: थोडं पाणी, थोडं खाणं, बॅटरी. घबराट नको आणि गाफीलपणाही नको. नागरी विमान वाहतुकीच्या प्रमुख जेन गार्वी त्या रात्री स्वतः विमानात बसल्या.

ती रात्र आम्ही ऑफिसात काढली. रात्र कसली, आमच्या पहाटे ६ वाजताच न्यूझीलंडमध्ये १२ वाजले होते. तिथे दिवे चालू आहेत हे टीव्हीवर दिसलं तेव्हा आमच्या बाईंनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. मग ऑस्ट्रेलिया, मग जपान. दुपारी दीडला भारतात १२ वाजले आणि मी आईला फोन लावला. म्हटलं, दिवे आहेत का गं? आई म्हणाली, "दिव्यांना काय धाड भरलीय! कंदाहारची माणसं सुटून आली, ते बघत बसलोय आम्ही." त्या दिवशी आपल्याकडे दुसरीच काळजी होती, अपहरण करून कंदाहारला नेलेल्या विमानातल्या प्रवाशांची, आणि ती खरीच होती. आमच्याकडे मध्यरात्र झाली, मशीनने ०० घेतलं, पहिला दावा नीट उघडला. बाई कपाटाजवळ गेल्या, हाताने भरायच्या फॉर्मचे गठ्ठे पुन्हा मोजून आत ठेवले. फेकले नाहीत!

आता तुझं ‘काहीच नाही’ बघू. अमेरिकेच्या हेरगिरी करणाऱ्या उपग्रहांची माहिती वाचणारी जमिनीवरची यंत्रणा त्याच रात्री कोलमडली आणि काही दिवस धड नव्हती. जपानमध्ये अणुवीज केंद्रांतल्या देखरेखीच्या यंत्रणांमध्ये बिघाड निघाले, ऑस्ट्रेलियात बसची तिकिटं तपासणारी यंत्रं बंद पडली. ही किरकोळ म्हणून सोडून दे. पण इंग्लंडमधल्या शेफिल्डचं ऐक. तिथे गरोदर बायकांची, बाळाला डाऊन सिंड्रोम हा जन्मजात दोष असण्याचा धोका किती याची चाचणी व्हायची. तारखेच्या घोळामुळे संगणकाने आईचं वयच चुकीचं धरलं. जानेवारी ते मे २००० असे महिनोन् महिने, दीडशेहून अधिक बायकांना चुकीचे निकाल गेले. ज्यांना धोका होता त्यांना ‘काळजी नको’ असं सांगितलं गेलं. हे लिहिताना आत्ताही हात थांबतो. कुठे स्फोट नाही, कुठे अंधार नाही, एका चिठ्ठीवर छापलेला एक चुकीचा आकडा आणि एका घराचं आयुष्य बदललेलं. यांच्यासमोर म्हणशील, काहीच झालं नाही म्हणून?

हो, मान्य आहे, भीती विकून पैसे कमावणारे सल्लागार तेव्हा बोकाळले होते. इटलीसारख्या देशांनी उशिरा हातपाय हलवले, तरी तिथे आभाळ कोसळलं नाही, हेही खरं. पण दुसऱ्यांनी पैसे मोजून दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर त्यांच्याकडेही पोचलंच होतं ना? अमेरिकेच्या केंद्र सरकारने ८ अब्ज डॉलरच्या वर पैसा यात घातला. सगळाच्या सगळा सत्कारणी लागला असं मी म्हणत नाही. पण ज्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्लीवाला रजेवर होता, ते कपाट त्याच तयारीत सापडलं.

आपल्याच देशातलं बघ. त्याच १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशात महाचक्रीवादळ आलं, १० हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगाव माणसं तयार केली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभरच्या आत राहिला. मग तेव्हा का नाही कुणी म्हटलं, की वादळ वगैरे नुसता बाऊ होता? झाडं पडलेली फोटोत दिसतात. दुरुस्त केलेला तारखेचा रकाना कुणाला दिसत नाही, म्हणून ते काम करणारी माणसं विसरायची? आमच्या बाईंचं नाव कुठल्याही अहवालात नाही.

आणि पुढची तारीख ठरलेली आहे. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. भाच्या, हे तुला माहीत असणारच. इतरांसाठी सांगते: असंख्य यंत्रं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. जुन्या यंत्रांत त्या आकड्याला ३२ बिटांचीच, म्हणजे ० किंवा १ मावेल अशा ३२ घरांचीच जागा आहे. ती त्या क्षणी भरते आणि पुढच्या सेकंदाला यंत्र समजतं की डिसेंबर १९०१ चालू आहे. नव्या संगणकांत, मोबाइलमध्ये बराचसा बंदोबस्त झालाय, लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली बनवणाऱ्यांनी २०२० मध्येच मोठं काम केलंय. मला भीती वाटते ती भिंतीत बसवून विसरलेल्या डब्यांची: सबस्टेशनातली, पाणीपुरवठ्याच्या पंपावरची, दवाखान्यातली, कुठल्यातरी कचेरीत कोपऱ्यात धूळ खात चालणारी. आणि ‘२०३८ ला बघू’ म्हणून चालत नाही. २० वर्षांचं गृहकर्ज काढलेल्याचा शेवटचा हप्ता कधीच ती तारीख ओलांडून गेलाय. आमच्या ५२ आठवड्यांच्या दाव्यासारखंच आहे हे, जो पुढच्या तारखांचा हिशोब करतो त्याला आधी फटका.

लहानशा तारखेनेही काय होतं ते न्यूझीलंडने २९ फेब्रुवारी २०२४ ला पाहिलं. लीप वर्षाचा दिवस कळला नाही म्हणून कार्डावर चालणारे पेट्रोलपंप कित्येक तास अडले. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातल्या संगणकांचे पडदे निळे होऊन ते बंद पडले, तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हाही लोक हसले, फोटो टाकले. मला त्या पेन धरलेल्या हातांचं कौतुक वाटलं. विमानं सुटली ना?

विमानाच्या प्रवाशाला पेन मिळतं. दाखल्याच्या खिडकीवर का मिळत नाही?

मुख्य राग मला याचा आहे. आपल्याकडे पूर आला तर काय करायचं याची योजना असते, भूकंपाची असते, ती फायलीत का होईना, असते. पण सर्व्हर बंद पडला तर खिडकीवरच्या माणसाने काय करायचं याचा एक कागद भिंतीवर लावलेला मी आजवर कुठल्या कचेरीत पाहिलेला नाही. ऑनलाइनला माझा विरोध नाही, माझं आयुष्य त्यात गेलं. पण ऑनलाइन करणाऱ्यानेच ऑफलाइनची तालीम करून घ्यायची असते, एखाद्या शनिवारी, टर्मिनल बंद करून. रेशनच्या दुकानात अंगठा लागला नाही तर धान्य कसं द्यायचं, हे दुकानदाराला आधी लेखी मिळायला हवं की नको?

भाच्या, तुझ्यावर रागावले नाहीये. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास, तुला कुणी सांगितलंच नाही हे. आता मदत कर. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतलाय, तुझ्या भाषेत तांत्रिक भाग नीट करून दे. ज्या मित्रमंडळींनी कोषागारात, वीज कंपनीत, पालिकेच्या पाणी खात्यात नोकरी केलीय, त्यांनी खाली कमेंटमध्ये सुचवा. सध्या प्रश्न तीन आहेत. आपल्या खात्यात तारीख ३२ बिटांत साठवणारी यंत्रणा कोणती, याची यादी केली आहे का, केली असल्यास प्रत द्यावी. संगणक बंद असताना अर्ज स्वीकारून पोच देण्याबाबत लेखी सूचना आहेत का. आणि अशा परिस्थितीची तालीम शेवटची कधी घेतली, ती तारीख.