मुलं घरात ठेवा म्हणे!

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. शेवग्यावर सुरवंट आलेत, लहान मुलं असणाऱ्यांनी मुलं घरात ठेवावीत, खिडक्या लावून घ्याव्यात. खाली अकरा अंगठे.

दीड वर्षाची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, भर जुलै, वन बीएचके आणि खिडक्या बंद. अंगठेवाल्यांनी एक दुपार असं राहून दाखवा, मी चहा करून पाजते.

तो शेवगा आमच्याच बाल्कनीला टेकलाय. गेल्या पावसाळ्यात धाकटी सहा महिन्यांची होती. कठड्यावर वाळत घातलेलं दुपटं मी न झटकता उचललं आणि तिला त्यातच गुंडाळलं. दहा मिनिटांत पोर किंचाळायला लागली. मान, पोट, मांड्या लालभडक, गांधीवर गांधी. नवरा मोबाईलमध्ये शोधतोय, मी रडतेय. सासूबाई म्हणाल्या, "चोळू नकोस गं, कुसं आत जातील." त्यांनी कणकेचा गोळा मळला आणि तो अंगावर टेकवायचा, उचलायचा, टेकवायचा, उचलायचा. गोळा ट्यूबलाइटखाली धरला तर आत बारीक बारीक केस. मग साबणाच्या पाण्याने धुतलं. पोर झोपली रात्री दीडला.

आणि साडेबाराला फोन आला होता, "जरा बाळाला गप्प करता का?" आजच्या अकरा अंगठ्यांत त्या घराचाही एक आहे. चेहरा लक्षात आहे माझ्या.

दुसरी पार्टी म्हणते, झाड तोडून टाका एकदाचं. मार्चमध्ये काठीला आकडी बांधून पिशव्या भरभरून शेंगा नेल्या तेव्हा कुणाला तोडावंसं वाटलं नाही! शिवाय शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, १९७५ पासून कायदा आहे. बरं, दारात शेवगा लावू नये असं आमची आजीही म्हणायची आणि फांद्या ठिसूळ असतात, हेही खरं. पण लावलाय ना आता कुणीतरी!

तिसरे औषध फवारायला निघालेत. खोडावर फवारलेलं विष खालीच गळणार, आणि खाली माझा मुलगा चिखलाचे लाडू वळतो.

अहो, हे सुरवंट रात्री पाला खातात आणि दिवसा खोडावर घोळका करून बसतात. म्हणजे भरदुपारी एका जागी गठ्ठ्याने सापडतात! गेल्या वर्षी वॉचमनकाकांनी आणि आम्ही दोघांनी लांब दांड्याचा झाडू आणि बादलीभर साबणाचं पाणी घेऊन अर्ध्या तासात खोड साफ केलं. पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट, तोंडाला फडकं. पण ते केलं त्या दुपट्याच्या रात्रीनंतर. आधी केलं असतं तर? हे मी वर्षभर स्वतःला विचारतेय, त्यामुळे ग्रुपवर मला अक्कल शिकवू नका.

थोरला मात्र काचेला नाक लावून मोजतोय. वीसपर्यंतच येतं त्याला, मग परत एकपासून. "आई, त्यांना थंडी वाजते म्हणून ते चिकटून बसलेत." काय सांगणार? पुढे त्यांचे पतंग होतात म्हटलं, तर आता त्याला ते बघायचेत.

रविवारी बारा वाजता मी बादली घेऊन खाली उतरतेय. दोन माणसं अजून हवीत आणि वरचा घोळका काढायला एक स्टूल. शेंगावाले काका, तुमची आकडीही चालेल.

तोवर दुपटी पंख्याखाली आहेत. कालपासून ओलीच.