दान म्हणजे कर वाचवायची युक्ती? जरा हिशेब मांडून बघू

गेले काही दिवस मोबाइलवर एक मजकूर फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. त्याचं सार असं: यशस्वी उद्योजक दान करतात ते कर वाचवायला. खरा दाता गाजावाजा करत नाही. एवढा कळवळा असेल तर कामगारांचे पगार वाढवावेत. फुकटच्या पैशाने माणसं आयतोबा होतात. आणि आपण सामान्यांनी या भानगडीत पडू नये, आधी श्रीमंत व्हावं.

ज्यांनी मला हे पाठवलं ती माणसं विचारी आहेत, कुणाच्या अडीनडीला धावून जाणारी आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

कराचा मुद्दा सगळ्यात टाळ्या घेणारा, तेव्हा आधी तोच. कराचा दर तीस टक्के धरा. शंभरातले तीस सरकारला जातात, सत्तर तुमच्याकडे राहतात. तेच शंभर दान केले आणि त्यावर पूर्ण सवलत मिळाली, तर कर वाचला तीस, पण हातात उरलं शून्य. तीस वाचवायला सत्तर घालवणारा माणूस धंद्यात कितीसा टिकेल?

इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत देणग्यांवरची करसवलत आली १९१७ मध्ये. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी आपला कारखाना १९०१ मध्ये विकला आणि त्यांच्या देणग्यांचा मोठा भाग १९१७ च्या आधीच देऊन झाला होता. जगभर अडीच हजारांवर सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली. वाचवायला कसली सवलतच नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

आता जे खरं आहे ते मान्य करायला हवं. स्वतःच ट्रस्ट काढायचा, त्यावर घरचीच माणसं बसवायची आणि पैसा फिरवून आपल्याच कामाला लावायचा, असले प्रकार होतात. तिथे संशय घ्यायलाच हवा. पण मग प्रश्न नेमका विचारा: पैसा त्या माणसाच्या हातातून सुटला का? सुटला असेल तर ते दान. सुटला नसेल तर त्याला दान म्हणूच नका. सगळ्यांना एका मापाने मोजलं की लबाड निसटतो आणि खरा देणारा बदनाम होतो.

खरा दाता गाजावाजा करत नाही, हे वाचून मला चक फीनी आठवले. विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांच्या ‘ड्यूटी फ्री शॉपर्स’ या कंपनीचे ते सहसंस्थापक. १९८२ मध्ये त्यांनी बर्म्युडात एक प्रतिष्ठान काढलं आणि १९८४ मध्ये कंपनीतला आपला जवळजवळ सगळा हिस्सा गुपचूप त्याच्या नावे करून टाकला. गुप्तता राहावी म्हणून बर्म्युडा निवडलं, आणि त्यापायी अमेरिकेतल्या करसवलतीवरही पाणी सोडलं. देणगी घेणाऱ्यांना नाव सांगायची मनाई होती. १९८८ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांना अतिश्रीमंतांच्या यादीत घातलं, तेव्हा ती संपत्ती त्यांची उरलीच नव्हती! स्वतः भाड्याच्या घरात राहायचे, मनगटावर साधं, स्वस्तातलं प्लास्टिकचं घड्याळ. एकूण आठ अब्ज डॉलरहून जास्त देऊन झाल्यावर २०२० मध्ये प्रतिष्ठान रीतसर बंद केलं.

पण हेच फीनी पुढे उघडपणे बोलू लागले. १९९७ मध्ये कंपनीच्या विक्रीमुळे गुपित फुटणारच होतं, आणि नंतर त्यांनीच ठरवलं की आपली गोष्ट ऐकून इतर धनिकांनी हयातीतच द्यावं. निम्म्याहून जास्त संपत्ती दान करण्याच्या ज्या संकल्पाचं आवाहन बिल गेट्स आणि वॉरन बफे यांनी २०१० मध्ये केलं, त्यामागे फीनींची प्रेरणा होती असं ते दोघेही सांगत आले आहेत. म्हणजे लपवलेलं दान खरं आणि सांगितलेलं खोटं, अशी वाटणी करताच येत नाही.

पगाराचा मुद्दा मला अर्धा पटतो, आणि तो अर्धा फार महत्त्वाचा आहे. याच कार्नेगींच्या होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ मध्ये पगारकपातीवरून संघर्ष पेटला, माणसं मेली, कामगार संघटना मोडली गेली. कितीही ग्रंथालयं बांधली तरी ते धुऊन निघत नाही. पगार ही देणी आहेत, ती आधी चुकती झाली पाहिजेत. देणं लागत नसतानाही दिलं जातं ते दान. मात्र पगार कितीही वाढवला तरी तो हजेरीपटावर नाव असणाऱ्यालाच मिळणार. ज्या मुलाच्या गावात शाळाच नाही, त्याचं नाव कुठल्या हजेरीपटावर आहे?

त्या मुलांसाठीच ज्युलियस रोझेनवाल्ड उभे राहिले. ‘सीअर्स, रोबक’ या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचे ते प्रमुख. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यासोबत त्यांनी १९१२ पासून अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा उभारायला मदत सुरू केली. महत्त्वाची अट होती: गावानेही आपला वाटा उचलायचा. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड, कुणी सुतारकाम केलं. २० वर्षांत १५ राज्यांत जवळपास ५,००० शाळा झाल्या. वीज नव्हती, म्हणून आराखड्यातच उंच खिडक्यांची रांग पूर्वेला किंवा पश्चिमेला घेतलेली असे, आणि बाकं अशी मांडायची की उजेड डाव्या बाजूने यावा. लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडू नये, इतका बारीक विचार!

या शाळांचा जमाखर्च उपलब्ध आहे. रोझेनवाल्ड यांच्या निधीतून आले सुमारे ४३ लाख डॉलर. आणि तिथल्या गरीब, बहुतेक दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी जमवले सुमारे ४७ लाख. उरलेला मोठा भाग सरकारी तिजोरीतून आला, म्हणजे जी यंत्रणा या मुलांकडे पाठ फिरवून बसली होती तिलाही हात सैल करावा लागला. या मुलांचं शिक्षण गोऱ्या मुलांच्या किती जवळ आलं, हे पुढे शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी मोजलं, आणि दरी कमी होण्यात या शाळांचा मोठा वाटा निघाला. फुकट्या पैशाने माणसं आयतोबा होतात म्हणणाऱ्यांनी हा ४७ लाखांचा आकडा एकदा डोळ्यांसमोर आणावा. मला तर तो वाचताना दर वेळी गहिवरून येतं.

शेवटचा मुद्दा, आधी श्रीमंत व्हा आणि मग द्या. कार्नेगी लहानपणी तारा पोचवणारा पोऱ्या होते. त्यांच्या गावात कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ आपली ४०० च्या आसपास पुस्तकं दर शनिवारी कामकरी मुलांना वाचायला उघडी ठेवत. त्या अडीच हजार ग्रंथालयांचं मूळ तिथे आहे, हे कार्नेगींनीच लिहून ठेवलंय.

आणि जॉन रॉकफेलर. त्यांच्या मक्तेदारीवर टीका झाली ती रास्तच होती, १९११ मध्ये न्यायालयाने त्यांची स्टँडर्ड ऑइल ही तेल कंपनी मोडलीही. पण १८५५ मध्ये सोळाव्या वर्षी कारकुनी लागली तेव्हा त्यांनी एक छोटी वही घातली, तिला ‘लेजर ए’ म्हणत. कमाई आणि खर्चाच्या नोंदींबरोबर तिच्यात दानाच्याही बारीकसारीक नोंदी आहेत, पहिल्या वर्षीच्या पगाराच्या साधारण सहा टक्के. पुढे १८५९ मध्ये सिनसिनाटीतल्या एका कृष्णवर्णीय माणसाला त्यांनी पैसे दिले, बायकोला गुलामीतून सोडवायला. स्टँडर्ड ऑइल कंपनी निघायला तेव्हा अजून अकरा वर्षं होती.