बोटीच्या अल्टरनेटरच्या कामाबद्दल आपण लिहिलेल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार भाऊ,

आपण दुकानाला एकच तारा (स्टार) देऊन लिहिले आहे, की आमच्या पवनीच्या दुकानात अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) दुरुस्त करून घेऊनही चौथ्या दिवशी सकाळी बोटीचे इंजिन सुरू झाले नाही, दुसऱ्या खेपेस आम्ही “नुसती एक वायर बदलली” आणि पैसे मात्र दोन्ही वेळेस घेतले. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला बोटीतले काही कळत नाही, असेही आपले म्हणणे आहे.

पहिल्या खेपेची चूक माझी आहे. आपण अल्टरनेटर सोडवून दुकानात आणला होता. तो आम्ही टेबलावर फिरवून पाहिला, झिजलेले कार्बन (आतल्या फिरत्या भागाला वीज देणारे घासते तुकडे) बदलले, व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर नवा टाकला आणि 14.2 व्होल्ट दाखवून परत दिला. तो व्होल्टेज बॅटरीपर्यंत पोचतो की नाही, हे धरणावर आपल्या बोटीत येऊन, इंजिन चालू ठेवून मोजायला हवे होते. ट्रॅक्टरमध्ये अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर आखूड आणि बॅटरी जवळ असते. आपल्या बोटीत तीच वायर पाण्याच्या ओलीतून स्टिअरिंगजवळच्या अँपिअर मीटरपर्यंत जाऊन परत मागे येते. याचा विचार मी आधी करायला हवा होता.

दुसऱ्या खेपेस दिवे आणि पंप लावून मोजले, तेव्हा अल्टरनेटरच्या जाड टोकावर 14.2 आणि बॅटरीवर फक्त 12.7 व्होल्ट होते. अर्थिंगच्या बाजूला घट नाममात्र होती आणि पट्टाही घट्ट होता, म्हणजे दीड व्होल्ट त्या वायरीतच जात होता. फळीखाली, जिथे पाणी साचते, तिथला जोड वरून धडधाकट दिसत होता. टेप सोलली तेव्हा आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या होत्या आणि बोटाने चोळताच त्यांची भुकटी होत होती. रेग्युलेटर व्होल्टेज अल्टरनेटरपाशीच पाहतो, त्यामुळे त्याच्या लेखी चार्जिंग पुरेसे होते, बॅटरी मात्र नीट भरत नव्हती. शिवाय हे जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचून चालत राहते. म्हणून तीन दिवस काही जाणवले नाही आणि चौथ्या दिवशी स्टार्टरने मान टाकली.

नवी जाड वायर पाण्याच्या पातळीच्या वरून नेल्यावर बॅटरीवर 14 व्होल्ट मिळाले, ते आपण स्वतः पाहिले आहेत. ही वायर शोधायला दोन तास लागले, त्यामुळे त्या खेपेची मजुरी मी योग्य समजतो. पहिल्या खेपेची मजुरी आणि रेग्युलेटरची किंमत मात्र परत करतो, कारण जुना रेग्युलेटर चालला असता. कार्बन खरोखरच संपत आले होते, त्यांचे पैसे राहू द्यावेत.

एक कळकळीची विनंती आहे. इंजिन चालू असतानाच आपला मदतनीस बॅटरीचा मेन स्विच बंद करतो, हे मी त्या दिवशी पाहिले. चार्जिंग चालू असताना बॅटरीची जोडणी तुटली की व्होल्टेज एकदम उसळतो आणि अल्टरनेटरचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळू शकतात. त्याला आधी इंजिन बंद करून मगच स्विच फिरवायला सांगावे.

काढलेल्या वायरीचा तुकडा आणि जुना रेग्युलेटर दुकानात जपून ठेवला आहे. पैसे घ्यायला याल तेव्हा दोन्ही पाहून घ्यावेत.