अध्यक्ष टाकीत पडले

२२ वर्षे आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केल्यावर मागच्या वर्षी मी ते थांबवले आणि विनोदी कथांचे पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापले, तेव्हा ‘इतकी वर्षे बोललात, आता लिहिणे काय अवघड आहे?’ असे मला अनेकांनी विचारले. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत आणि दूरदर्शनच्या आरंभकाळात नोकरीला होते, हा दाखलाही आपुलकीने दिला जातो. दाखला खरा आहे, पण त्यावरून रेडिओला विनोदाची शाळा मानणे म्हणजे आचाऱ्याच्या हाताचे श्रेय त्याच्या गावच्या पाण्याला देण्यासारखे आहे.

माझा अनुभव जवळजवळ उलटा आहे. रेडिओवरचे वाक्य एकदाच ऐकू येते आणि श्रोत्याला मागे जाता येत नाही, त्यामुळे मुद्दा आधी आणि तपशील नंतर ही शिस्त अंगात मुरते. बातमीला ती शोभते. विनोदाचा मात्र ती गळा धरते, कारण हसू वाक्याच्या शेवटी दडलेले असते आणि मी सवयीने ते पहिल्या चार शब्दांतच सांगून मोकळी होत असे. ‘अध्यक्षांनी नव्या टाकीची फीत कापली, पाणीबचतीवर पाऊण तास भाषण केले आणि गळ्यातल्या हारासकट टाकीत पडले’ हे वाक्य पहिल्या खर्ड्यात ‘अध्यक्ष टाकीत पडले’ येथूनच सुरू होत होते. बातमी म्हणून ते निर्दोष होते. मराठीत क्रियापद शेवटी येते, ही भाषेने विनोदी लेखकाला दिलेली केवढी मोठी सवलत आहे, हे मला पन्नाशीत कळले.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे थांबणे. माइकसमोर साध्या वाक्यातही योग्य जागी क्षणभर थांबले की ऐकणारा हसतो; कागदावर ते काम स्वल्पविरामाच्या आवाक्यातले नसते. तेथे मध्येच कोणाला तरी बशीत चहा ओतायला लावावा लागतो, म्हणजे वाचकही तेवढा वेळ थांबतो. आकाशवाणीत काही सेकंद शांतता पसरली तरी प्रसारणावर कान ठेवून असलेल्या ड्युटी रूममधून विचारणा होत असे. अशा वळणात वाढलेल्या माणसाचा हात रिकामी जागा सोडायला सहजासहजी धजत नाही.

स्वप्रकाशनात तर ड्युटी रूमच नसते. म्हणून चित्रकाराच्या आधी संपादकाला पैसे द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. माझ्या संपादकांनी १६ पैकी ५ कथा काढून टाकल्या आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. उरले ते ९ फर्म्यांचे, म्हणजे १४४ पानांचे पुस्तक. त्याच्या ५०० प्रती काढल्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तेव्हा त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. वितरकांची सवलत वजा केल्यावर हाती काय उरते, तो हिशेब मी विनोदी कथेसाठी राखून ठेवला आहे. १९५४च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात. त्या पाठवल्यामुळे निदान ४ प्रती नेमक्या कोठे आहेत, हे मला निश्चित माहीत आहे.

जुने श्रोते फोन करून सांगतात की पुस्तक वाचताना त्यांना माझाच आवाज ऐकू येतो. त्यांना ते कौतुक वाटते. मला मात्र शंका येते की निम्मे काम अजूनही आवाजच करतो आहे. गेल्या महिन्यात नाशिकच्या एका गृहस्थांचे पत्र आले. त्यांनी मला रेडिओवर कधीच ऐकलेले नव्हते. पुस्तक बरे आहे, एवढे एका ओळीत उरकून त्यांनी उरलेल्या पानभर एकच चौकशी केली होती: अध्यक्षांना बाहेर काढल्यावर त्या टाकीतले पाणी सोसायटीने पुढे वापरले की नाही?