तेल घातलं तरी बटर करपतंच

स्टेक म्हणजे मांसाचा जाड काप भाजताना बटरमध्ये चमचाभर तेल घातलं की ते करपत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. करपतात ते बटरमधले दुधाचे कण. तेलाने ते विरळ होतात, इतकंच. कडक तापलेल्या तव्यावर काळे पडायचे ते पडतातच.

म्हणून इंचभर जाडीचा तुकडा कोरडा पुसून नुसत्या रिफाइंड तेलात दोन्ही बाजूंनी लालसर करा. मग आच मंद करून ३० ग्रॅम बटर, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या आणि थाइम या सुगंधी पाल्याच्या काड्या टाका (ओला थाइम तडतडतो, जरा लांब उभे राहा). फेसाळलेलं बटर मिनिटभर चमच्याने वरून सोडत राहा. फेस बसून कण तपकिरी झाले की लगेच उतरवा. सुरुवातीपासून लोण्याचाच स्वाद हवा असेल तर साजूक तूप घ्या. त्यातली बेरी आधीच गाळलेली असते.